‘अंगावर पांढरं जायलंय’ याला कोड कोणता लावायचा

गेवराई असो की किनवट, स्त्रीरोग ओपीडीच्या केस पेपरवर बाईचं म्हणणं एका ओळीत उतरतं: ‘लई दिवसांपासून अंगावर पांढरं जायलंय, कंबर दुखायली.’ डॉक्टर त्याचं लघुरूप करतात, डब्ल्यूडीपीव्ही, म्हणजे व्हाइट डिस्चार्ज पर व्हजायनम. एमआरडीतला, म्हणजे रुग्णांच्या नोंदी सांभाळणाऱ्या विभागातला माणूस सॉफ्टवेअरच्या शोधखिडकीत ‘डिस्चार्ज’ टाकतो, वर एन८९.८ हा रोगाचा कोड येतो, एंटर मारतो. दहा सेकंदांत पेपर हातावेगळा. मग महिन्याचा तक्ता काढला की स्त्रीरोगाच्या रकान्यात एकच कोड ओळीनं खाली उतरलेला दिसतो आणि त्यावरून कुणालाच काही कळत नाही.

एन८९.८ हा कोड खोटा नाही. ज्या स्रावाचं कारण डॉक्टरांनी लिहिलेलं नाही, त्याच्यासाठी तो आहेच. पण तो शेवटी लावायचा कोड आहे. त्याच्याआधी सहा-सात दारं वाजवावी लागतात. ती कोणती, कोणत्या क्रमानं वाजवायची, आणि एन८९, म्हणजे योनिमार्गाचे दाह नसलेले इतर विकार, या घरात खरोखर कोण कोण राहतं, ते इथे बघू.

आधी पुस्तक कोणतं ते ठरवा

आपल्याकडे दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी चालतात आणि निम्मे घोळ तिथेच होतात. सरकारी रुग्णालयं आणि मृत्यूच्या कारणाची नोंद यांत जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-१०, म्हणजे रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची दहावी आवृत्ती, चालते. ती १९९० मध्ये मंजूर झाली आणि १९९४ पासून वापरात आली. संभाजीनगर किंवा पुण्यात बसून अमेरिकन दवाखान्यांची बिलं कोड करणाऱ्या मुलामुलींच्या समोर मात्र तिची अमेरिकन आवृत्ती, आयसीडी-१०-सीएम, असते. ती तिकडे १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू आहे आणि दर ऑक्टोबरला बदलते. क्लासमध्ये अमेरिकन आवृत्ती शिकून आलेला पोरगा जिल्हा रुग्णालयात लागला की पहिले दोन महिने तो सहा-सात अक्षरी कोड टाकत राहतो आणि सॉफ्टवेअर ते परत करत राहतं. आयसीडी-११ जानेवारी २०२२ पासून अमलात आली आहे, पण इथलं सगळं विवेचन आयसीडी-१० चं आहे.

एक बारीक सूचना. इथे कोड देवनागरीत लिहिले आहेत. सॉफ्टवेअरात अक्षर रोमन आणि आकडे इंग्रजीच टाकायचे. ‘ओ’ने सुरू होणारे प्रसूतीचे कोड टाकताना अक्षर ओ आणि शून्य यांची गल्लत होते. ओ३४.६ मध्ये पहिलं अक्षर आहे, डी०७.२ मध्ये डीनंतरचं शून्य आहे.

जागतिक आवृत्तीचे तीन खंड आहेत: पहिला कोडांची यादी, दुसरा नियम, तिसरा शब्दसूची. सुरुवात तिसऱ्यातून, खात्री पहिल्यात. सूचीत ‘व्हजायना’ शोधलं तर ‘आजाराचं नाव बघा’ एवढंच उत्तर मिळतं, कारण सूची अवयवावर नाही, विकारावर लावलेली आहे. म्हणून ल्युकोऱ्हिया, स्ट्रिक्चर, अल्सर, लॅसरेशन, डिस्प्लेझिया असे शब्द धरायचे आणि त्यांच्याखाली अवयव शोधायचा. सापडलेला कोड पहिल्या खंडात उघडून त्याखालची ‘वगळा’ची टीप वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही. एन८९ च्या बाबतीत सगळी गंमत त्या टिपेतच आहे.

एन८९ च्या आधीचा प्रश्न: दाह आहे की नाही?

चौदाव्या प्रकरणात स्त्रियांच्या जननमार्गाचे दोन मोठे वाडे आहेत. एन७० ते एन७७ दाहाचे, म्हणजे सूज आणि संसर्गाचे. एन८० ते एन९८ दाह नसलेले. एन८९ दुसऱ्या वाड्यात आहे. म्हणून डॉक्टरांनी ‘व्हजायनायटिस’ एवढा एकच शब्द लिहिला असला तरी तो पेपर एन८९ च्या बाहेर गेला, तो एन७६.० ला जातो. ‘आयटिस’ हा प्रत्यय दिसला की हात आखडता घ्यायचा.

क्रमानं विचारायचं ते असं.

बाई गरोदर आहे का, किंवा नुकतीच बाळंत झाली आहे का? असेल तर पंधरावं प्रकरण आधी. गरोदरपणातल्या जननमार्गाच्या संसर्गाला ओ२३.५. योनिमार्ग आखूड, चिकटलेला किंवा पडद्याचा आहे आणि त्यामुळे बाळंतपणाची काळजी घ्यावी लागते आहे, तर ओ३४.६. बाळंतपणात फाटलं असेल तर ओ७०, आणि फक्त वरचा योनिमार्ग फाटला असेल तर ओ७१.४.

जंतू किंवा बुरशीचं नाव लिहिलंय का? ट्रायकोमोनासचा स्राव ए५९.० मध्ये, एन८९ च्या टिपेत तो नाव घेऊन वगळला आहे. कॅन्डिडा असेल तर जागतिक आवृत्तीत बी३७.३ खंजिराच्या खुणेसह आणि जोडीला एन७७.१ चांदणीसह. खंजीर मूळ आजाराला, चांदणी तो जिथे दिसतो त्या जागेला; चांदणीचा कोड एकटा कधीच जात नाही. अमेरिकन आवृत्तीत या खुणाच नाहीत, आणि ऑक्टोबर २०२२ पासून बी३७.३ चे दोन तुकडे झाले आहेत: तीव्र किंवा नुसताच लिहिलेला असेल तर बी३७.३१, जुनाट असेल तर बी३७.३२. बॅक्टेरियल व्हजायनोसिसला त्या आवृत्तीत एन७६.० आणि जोडीला जंतूसाठी बी९६.८९. ‘व्हजायनोसिस म्हणजे दाह नाही’ हा वैद्यकशास्त्राचा युक्तिवाद बरोबर असेल, पण कोडर सूचीशी भांडत नाही.

पाळी गेलेली आहे का? कोरडेपणा, आग, पातळ झालेली त्वचा आणि ‘अ‍ॅट्रोफिक’ हा शब्द असेल तर एन९५.२. एकोणतीस वर्षांच्या बाईला हा कोड लागलेला दिसला तर थांबा. तिची अंडाशयं काढलेली आहेत का ते आधी बघा, आणि तरीही जुळलं नाही तर डॉक्टरांना विचारा.

जन्मजात आहे का? मग क्यू५२. यावर पुढे सविस्तर.

शस्त्रक्रियेनंतर झालंय का? ऑपरेशननंतर योनिमार्ग चिकटला असेल तर एन९९.२, गर्भाशय काढल्यावर वरचं टोक खाली आलं असेल, म्हणजे व्हॉल्ट प्रोलॅप्स, तर एन९९.३.

नुसता स्मिअर, म्हणजे खरवडून घेतलेल्या पेशी, आहे की तुकडा, म्हणजे बायोप्सी, तपासलाय? यालाही पुढे वेगळी जागा लागेल.

एवढी दारं वाजवून कुणी उघडलं नाही, की मग एन८९.

केस पेपरवरची बोली

मराठवाड्यात बाई जे सांगते आणि सिस्टर जे लिहिते, ते सूचीत सापडत नाही. म्हणून थोडा शब्दकोश डोक्यात हवा.

‘अंगावर जातंय’ हा सगळ्यात फसवा शब्दप्रयोग. काही घरांत त्याचा अर्थ पांढरं, काही घरांत रक्त. पुढे ‘लाल’ की ‘पांढरं’ हे लिहिलेलं नसेल तर अंदाज बांधायचा नाही. रक्त असेल तर एन९३ किंवा, पाळी गेल्यानंतरचं असेल तर, एन९५.०, संबंधानंतर असेल तर एन९३.०. ‘धुपणी’ आणि ‘श्वेतप्रदर’ म्हणजे ल्युकोऱ्हिया. ‘अंग बाहेर येतं’, ‘मायांग’ म्हणजे प्रोलॅप्स, एन८१ चं घर. किती बाहेर आलंय त्यावर एन८१.२ अपूर्ण, एन८१.३ पूर्ण. ‘पिशवीला सूज’ हे निदान नाही, ते सोनोग्राफीवाल्यानं किंवा औषध देणाऱ्यानं बाईला समजावलेलं वाक्य आहे. त्याला कोड नाही. ‘पिशवी काढली’ म्हणजे गर्भाशय काढलं, जादा कोड झेड९०.७. अमेरिकन आवृत्तीत इथे गर्भाशयाचं तोंडही गेलं का ते विचारतात: दोन्ही गेलं तर झेड९०.७१०, तोंड राहिलं तर झेड९०.७११.

हा झेड९०.७ सोडू नका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून २०१९ मध्ये राज्य सरकारनं चौकशी समिती नेमली होती. अशा वेळी जुन्या फायली उघडल्या जातात आणि शस्त्रक्रियेचं कारण म्हणून काय लिहिलं होतं ते शोधलं जातं. कारणाच्या जागी नुसतं ‘डब्ल्यूडीपीव्ही’ आणि कोडच्या जागी एन८९.८ असेल, तर ती फाइल काहीच बोलत नाही.

दुसरा उपयोग तपासणीचा. एकाच बाईच्या नावावर तोंडासह गर्भाशय काढल्याची नोंद आणि गर्भाशयाच्या तोंडाचा कोड, म्हणजे एन७२ (तोंडाचा दाह) किंवा एन८६ (तोंडावरचं इरोजन), एकत्र दिसले तर दोन्हींपैकी एक चूक आहे. बहुतेक वेळा मागच्या भेटीचा कोड तसाच पुढे ओढलेला असतो.

एन८९.८: कोणाला आत घ्यायचं

या कोडात अधिकृतपणे तीन गोष्टी नाव घेऊन बसवल्या आहेत: कारण न लिहिलेला ल्युकोऱ्हिया, योनिमार्गाची जुनी जखम, आणि पेसरीमुळे झालेला व्रण. तिघांचीही स्वतःची खोड आहे.

जुनी जखम म्हणजे आधीच्या बाळंतपणात फाटलेलं आणि नीट न भरलेलं. पण ओटीपोटाच्या तळाचे स्नायूही त्यात फाटलेले असतील तर एन८१.८. ताजी जखम, बाळंतपणाशी संबंध नसलेली, एस३१.४. ‘ओल्ड’ हा शब्द पेपरवर नसेल तर तो आपण घालायचा नाही.

पेसरीच्या व्रणात दोन फसगती आहेत. पहिली शब्दाची. आपल्याकडे क्लोट्रिमॅझोलच्या योनीत ठेवायच्या गोळीलाही पेसरीच म्हणतात. प्रिस्क्रिप्शनवर ‘पेसरी, रात्री एक, सहा दिवस’ दिसलं म्हणून पेसरीचा व्रण होत नाही. कोडातली पेसरी म्हणजे अंग बाहेर येणाऱ्या म्हाताऱ्या बाईला बसवलेली रिंग, जी वर्ष वर्ष बदलली जात नाही आणि भिंतीला घासून जखम करते. दुसरी फसगत व्रणाची. नुसतं ‘योनिमार्गाचा व्रण’ लिहिलं असेल तर तो एन७६.५, दाहाच्या वाड्यात. आणि प्रोलॅप्समध्ये बाहेर आलेलं गर्भाशयाचं तोंड कपड्याला घासून जो डेक्युबिटस व्रण होतो, तो एन८६. म्हणजे एकाच वॉर्डातल्या तीन खाटांवर तीन ‘व्रण’ आणि तीन वेगळे कोड. रिंग कारणीभूत आहे हे डॉक्टरांनी लिहिलं तरच एन८९.८, आणि जोडीला प्रोलॅप्सचा एन८१. बाई प्रोलॅप्सच्या ऑपरेशनसाठीच दाखल झाली असेल तर प्रोलॅप्स आधी, व्रण नंतर.

योनिमार्गाची गाठ, म्हणजे सिस्ट, प्रकार न लिहिता आली तर तीही इथेच. पॉलिप मात्र नाही, त्याला एन८४.२. बार्थोलिन ग्रंथीची गाठ एन७५.०. फिस्टुला एन८२ मध्ये: लघवी योनीतून येत असेल आणि मूत्राशयाशी जोड असेल तर एन८२.०.

एक पेपर जवळून

समजा, असा पेपर हातात आला. वय ४१, तीन बाळंतपणं, नसबंदी झालेली. तक्रार: सहा महिन्यांपासून डब्ल्यूडीपीव्ही, कंबरदुखी. स्पेक्युलम तपासणी: तोंड मोठं, इरोजन आहे, दह्यासारखा स्राव. हातानं तपासणी: गर्भाशय नॉर्मल, बाजू मोकळ्या. औषध: फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम एकदा, क्लोट्रिमॅझोल पेसरी सहा रात्री. निदान: डब्ल्यूडी.

अनुभवी कोडरला लगेच दिसतं की हा कॅन्डिडा आहे. दह्यासारखा स्राव, बुरशीचं औषध, अजून काय पाहिजे? पण पाहिजे. औषधावरून किंवा तपासणीच्या वर्णनावरून निदान बांधणं कोडरचं काम नाही. आज जसं लिहिलंय तसं कोड केलं तर एन८९.८ आणि एन८६ एवढंच निघतं. एन८६ निघतो, कारण इरोजन डॉक्टरांनी नावानिशी लिहिलंय; तरी ते निदानात धरायचं की नुसतं दिसलेलं, हेही विचारून घेतलेलं बरं.

मग प्रश्नाची चिठ्ठी जाते. ती अशी लिहा: ‘मॅडम, निदानात डब्ल्यूडी आहे. स्पेक्युलम तपासणीत दह्यासारखा स्राव आणि इरोजन नोंदवलंय. स्रावाचं कारण ठरलं असल्यास लिहावं: संसर्ग असल्यास कोणता / संसर्ग नाही / कारण ठरलेलं नाही / इतर. इरोजन निदानात धरायचं का?’ ‘मॅडम, हा कॅन्डिडाच आहे ना?’ असं विचारायचं नाही. उत्तर तोंडात घालून घेतलेली नोंद ऑडिटमध्ये टिकत नाही, आणि गर्दीच्या ओपीडीत डॉक्टर मान हलवून मोकळे होतात. उत्तर तोंडी मिळालं तर चालत नाही. केस पेपरवर, तारीख आणि सहीसह हवं.

मॅडमनी लिहिलं, ‘कॅन्डिडल व्हजायनायटिस, सर्व्हायकल इरोजन.’ आता जागतिक आवृत्तीत बी३७.३ आणि एन७७.१, जोडीला एन८६. अमेरिकन आवृत्तीत बी३७.३१ आणि एन८६. एन८९.८ उडाला, कारण कारण सापडल्यावर लक्षण वेगळं कोड करत नाहीत. कंबरदुखीवर वेगळा इलाज झाला असेल तरच ती वेगळी, जागतिक आवृत्तीत एम५४.५.

प्राथमिक आरोग्य केंद्रात याचा आणखी एक अवतार भेटतो: पेपरवर फक्त ‘किट २ दिलं’. हिरव्या रंगाचं किट २ म्हणजे सेक्निडॅझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम. ते लक्षणावरून द्यायचं औषध आहे. ट्रायकोमोनास, बॅक्टेरियल व्हजायनोसिस आणि कॅन्डिडा या सगळ्यांना एकदम झाकतं. म्हणून किटवरून यातलं एकही कारण ठरत नाही. सोबत ‘व्हजायनायटिस’ लिहिलं असेल तर एन७६.०, फक्त ‘स्राव’ लिहिलं असेल तर एन८९.८. इथे एन८९.८ रास्त आहे, त्याची लाज बाळगायची नाही.

‘असावं’ आणि ‘शक्यता’

डॉक्टर पुढे प्रश्नचिन्ह टाकतात: ‘? कॅन्डिडा’. जागतिक आवृत्तीचा नियम असा की उपचाराचा काळ संपला, तरी निदान संशयितच राहिलं आणि दुसरी काही माहिती नाही, तर ते ठरलं आहे असं धरून कोड करायचं. अमेरिकन आवृत्तीत हा नियम दाखल रुग्णांपुरता. ओपीडीत शंकेला कोड नाही. तिथे लक्षणच कोड करायचं. म्हणजे तिकडच्या ओपीडीच्या बिलात ‘प्रोबेबल कॅन्डिडा’ला एन८९.८ च जाईल. दोन्ही कामं करणाऱ्यांनी हा फरक डेस्कवर चिकटवून ठेवावा.

डिस्प्लेझिया: एका अक्षराची किंमत

डिस्प्लेझिया म्हणजे पेशींमधला बिघाड, जो पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतो; योनिमार्गातल्या अशा बिघाडाच्या दर्जाला पॅथॉलॉजीत व्हेन म्हणतात. एन८९.० सौम्य, म्हणजे व्हेन-१. एन८९.१ मध्यम, व्हेन-२. एन८९.३ दर्जा न सांगितलेला. गाडी घसरते ती तीव्र दर्जाला. जागतिक आवृत्तीत नुसतं ‘तीव्र डिस्प्लेझिया’ लिहिलं असेल तर एन८९.२, पण व्हेन-३ लिहिलं असेल, तीव्र शब्द असो वा नसो, तर डी०७.२, कारण तो जागच्या जागी असलेला कर्करोग धरला जातो. अमेरिकन आवृत्तीत एन८९.२ अस्तित्वातच नाही. तिथे तीव्र आणि व्हेन-३ दोन्ही डी०७.२ ला. म्हणून अमेरिकन बिलात एन८९.२ टाकला की दावा अवैध कोड म्हणून परत येतो, आणि जिल्हा रुग्णालयात सवयीनं डी०७.२ टाकला की एका बाईच्या नावावर नसलेला कर्करोग चढतो. दुसरी चूक जास्त वाईट. तो शब्द पुढच्या प्रत्येक फॉर्मवर तिच्यामागे जातो.

अवयवाचं अक्षरही नीट वाचा. व्हेन म्हणजे योनिमार्ग, विन म्हणजे बाहेरचा भाग, सिन म्हणजे गर्भाशयाचं तोंड. पॅथॉलॉजीच्या फिकट प्रिंटमध्ये व्हेन आणि विन यांत एका ‘ए’चाच फरक असतो. विन-१ एन९०.०, विन-२ एन९०.१, विन-३ डी०७.१. सिन-१ एन८७.०, सिन-२ एन८७.१, सिन-३ डी०६. नमुना कुठून घेतला ते रिपोर्टच्या वरच्या ओळीत असतं; निदानाची ओळ वाचण्याआधी ती वाचा.

आणि तुकडा नसताना हे कोणतेच कोड नाहीत. गर्भाशय काढलेल्या बाईच्या व्हॉल्ट स्मिअरमध्ये ‘एलएसआयएल’, म्हणजे पेशींत कमी दर्जाचा बदल, आलं तर तो पेशींचा निष्कर्ष आहे, ऊतीचा नाही. जागतिक आवृत्तीत आर८७.६. अमेरिकन आवृत्तीत योनिमार्गाचा वेगळा गट आहे: एएससी-यूएस आर८७.६२०, एलएसआयएल आर८७.६२२, एचएसआयएल आर८७.६२३. तुकड्याचा रिपोर्ट आल्यावर कोड बदलायचा. स्मिअरचा रिपोर्ट आणि बायोप्सीचा रिपोर्ट वेगवेगळ्या दिवशी येतात आणि फाइल मात्र पहिल्याच दिवशी बंद झालेली असते, म्हणून ‘बायोप्सी पाठवली’ असा शेरा असलेल्या फायली वेगळ्या ट्रेमध्ये ठेवा.

साचलेली पाळी

चौदा वर्षांची मुलगी, न्हाण अजून आलेलं नाही, दर महिन्याला पोट दुखतं, आता लघवी तुंबली म्हणून आणली. सोनोग्राफीत योनिमार्ग आणि गर्भाशय रक्तानं भरलेलं. हा हिमॅटोकॉल्पोस, एन८९.७. गर्भाशयातही रक्त साचलंय म्हणून एन८५.७ जोडायचा मोह होतो, जोडू नका. योनिमार्गासह गर्भाशय किंवा नलिका भरली असेल तर तेही एन८९.७ मध्येच धरलंय. एन८५.७ योनिमार्ग मोकळा असतानाच्या गर्भाशयातल्या रक्तासाठी.

रक्त अडलं कशामुळे? बहुतेक फायलींत ऑपरेशनच्या टिपेत सापडतं: योनिमुखावरचा पडदा बंद होता, छेद देऊन मोकळा केला. पडद्याला छिद्र नसणं क्यू५२.३. इलाज त्याच्यावरच झाला, म्हणून तो आधी आणि एन८९.७ सोबत. वर आडवा पडदा निघाला तर तोही क्यू५२ मध्येच, पण कोड निराळा. अमेरिकन आवृत्तीत क्यू५२.११. डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘हिमॅटोकॉल्पोस’ असतं आणि ऑपरेशनची टीप फायलीत मागे टाचलेली असते. मागचं पान उलटल्याशिवाय ही फाइल बंद करू नका.

एन८९.६ याच्याच शेजारी बसतो आणि गोंधळ घालतो. तो पडदा घट्ट असण्याचा कोड आहे, बंद असण्याचा नाही. लग्नानंतर संबंध जमत नाही म्हणून आलेल्या मुलीच्या पेपरवर ‘टाइट इन्ट्रॉइटस’ असेल तर एन८९.६, ‘व्हजायनिस्मस’, म्हणजे योनीचे स्नायू आपोआप आवळणं, असेल तर एन९४.२, आणि तो मानसिक कारणाचा म्हटला असेल तर एफ५२.५, ‘डिस्पॅरुनिया’, म्हणजे संबंधाच्या वेळी दुखणं, असेल तर एन९४.१.

अरुंद झालेला मार्ग

एन८९.५ मध्ये योनिमार्ग आखडणं, अरुंद होणं आणि चिकटणं येतं. शब्दसूचीत ‘अट्रेझिया’ पाहिलं तर ती आपोआप जन्मजात धरते आणि क्यू५२.४ कडे पाठवते. नंतर झालेली आहे असं लिहिलं असेल तरच एन८९.५. ऑपरेशननंतर चिकटलं तर, वर आलंच आहे, एन९९.२.

गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाला रेडिएशन घेऊन आलेल्या बाया संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात तपासणीला येतात आणि त्यांच्या पेपरवर ‘स्टेनोसिस’ असतं. डॉक्टरांनी रेडिएशनमुळे असं लिहिलं असेल तर एन८९.५ सोबत वाय८४.२. कर्करोगावर अजून उपचार चालू असतील तर सी५३, संपलेले असतील तर पूर्वइतिहासाचा झेड८५.४. ‘तोंडाचा कर्करोग’ या मराठी शब्दांनी सी५३ च्या जागी जबड्याचा कोड लावलेलाही दिसतो. विभागाचं नाव बघा.

एन८९.४ ल्युकोप्लेकियाचा, म्हणजे पांढऱ्या चट्ट्याचा. बाहेरचा भाग असेल तर एन९०.४, गर्भाशयाचं तोंड असेल तर एन८८.०. यात आणखी सांगण्यासारखं काही नाही. एन८९.९ म्हणजे ‘काहीतरी आहे’. तो दिसला की चिठ्ठी पाठवायची.

योजनेचा आकडा आणि रोगाचा कोड

महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या किंवा आयुष्मान भारतच्या पोर्टलवर पॅकेजचा कोड वेगळा आणि रोगाचा कोड वेगळा. पॅकेज सांगतं काय केलं, आयसीडी सांगते का केलं. गर्भाशय काढण्याचं पॅकेज निवडलं आणि रोगाच्या जागी एन८९.८ टाकला, की क्वेरी येणारच, आणि आली पाहिजे: कारण न ठरलेल्या स्रावासाठी कुणी गर्भाशय काढत नाही. अशी क्वेरी आल्यावर पॅकेजला शोभेल असा कोड शोधायला बसू नका. फाइल उघडा, सोनोग्राफी, स्मिअर, बायोप्सीचे रिपोर्ट लावा, डॉक्टरांकडून शस्त्रक्रियेचं कारण लिहून घ्या आणि जे लिहिलं जाईल तेच कोड करा. फायब्रॉइड असेल तर डी२५, प्रोलॅप्स असेल तर एन८१. काहीच नसेल, तर एन८९.८ च राहील आणि दावा का अडला याचं उत्तर विभागप्रमुखांना द्यावं लागेल, कोडरला नाही.

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मागच्या महिन्याचे एन८९.८ आणि एन८९.९ वेगळे काढा. त्यातले वीस पेपर उघडून बघा: किती ठिकाणी आत कारण लिहिलेलं होतं आणि आपण वाचलं नाही, आणि किती ठिकाणी लिहिलेलंच नव्हतं. पहिल्या प्रकारचे आपल्या टेबलावर दुरुस्त करायचे. दुसऱ्या प्रकारचे कोणत्या ओपीडीच्या कोणत्या दिवशीचे आहेत ते लिहून स्त्रीरोग विभागाकडे पाठवायचे, नाव न घेता, फक्त वार आणि संख्या.